एलोडीच्या स्टिकचा दसरा

२००३ सालच्या खंडेनवमीला, शनिवारी दुपारी पावणेदोनच्या सुमारास, आईनं देवापुढे पूजेला मांडलेली एलोडीची हॉकी स्टिक उचलून तिच्या हातात दिली. दसरा दुसऱ्या दिवशी होता. पूजेत ठेवलेली हत्यारं दसऱ्याचा सूर्य उगवल्याशिवाय हलवायची नाहीत हा आमच्या घरातला नियम, आणि तो आईचाच होता. त्याच दुपारी चार वाजता फ्रान्सच्या महिला हॉकी संघाचा सराव सामना होता. एलोडीला त्या संघात परत घ्यायचं की नाही, हे प्रशिक्षक त्या सामन्यात ठरवणार होते.

आम्ही तेव्हा व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहत होतो. बाबा पुण्याहून एच-वन व्हिसावर आले होते आणि खिडक्या नसलेल्या एका प्रचंड इमारतीत त्यांचं काम चाले. घरासमोरचा रस्ता अजून अर्धवट होता. पलीकडे दर आठवड्याला लाल मातीत एक नवं घर उभं राही आणि त्यात बहुधा आपल्यासारखंच कुणीतरी राहायला येई. मी तेरा वर्षांची असताना आम्ही तिथे गेलो. ही घटना घडली तेव्हा मला पंधरा पूर्ण झाली होती. माझ्या शाळेत हॉकी हा फक्त मुलींचा खेळ होता. मुली स्कर्ट घालून गवतावर खेळत. बाबांना याचं नवल संपत नसे, कारण त्यांनी खडकीत पाहिलेली हॉकी मिशांची होती. मी नाव घातलं ते मैत्रिणी मिळाव्यात म्हणून. त्या हंगामात शाळेनं एक साहाय्यक प्रशिक्षक नेमली. ती फ्रेंच होती, फ्रान्सकडून खेळलेली होती, आणि तिला राहायला खोली हवी होती. आमचं बेसमेंट रिकामं होतं.

एलोडी बेल्जियमच्या सरहद्दीजवळच्या, सूतगिरण्या बंद पडलेल्या एका गावातली. फ्रान्समध्ये हॉकी कुणी फारसं खेळत नाही. जे खेळतात ते बरेचसे त्या पट्ट्यातले. तिचे वडील गावच्या क्लबचे प्रशिक्षक होते आणि आई क्लबात सूप वाढायची. विसाव्या वर्षी ती राष्ट्रीय संघात आली, तेविसाव्या वर्षी तिचा उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. परत उभी राहिली तेव्हा तिच्या जागी दुसरी मुलगी खेळत होती, आणि प्रशिक्षकांनी तिला सांगितलं की या गुडघ्यावर आंतरराष्ट्रीय हॉकी होणार नाही. ती अमेरिकेत आली ती त्यानंतर. तिच्याकडे एक गोष्ट होती जी तेव्हा स्त्रियांच्या हॉकीत मोजक्याच जणींकडे होती: ड्रॅग फ्लिक. पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेवरून चेंडू येतो, एक जण तो वर्तुळाच्या कडेला थांबवते, आणि फ्लिक मारणारी तो स्टिकच्या वाकावर घेऊन, फरपटत आणून, गोफणीसारखा फेकते. टोला नाही, आवाजही नाही. गोलकीपरला चेंडू दिसतो तेव्हा तो बहुधा जाळ्यात असतो.

बेसमेंटच्या काँक्रीटवर ती रोज संध्याकाळी सराव करी. पलंगाची जुनी गादी भिंतीला टेकवून ठेवलेली असे आणि चेंडू तिच्यावर धप्प आदळत राही. वर आई पोळ्या लाटत असे. पहिल्या आठवड्यात आईनं दोनदा खाली जाऊन विचारलं की कपड्यांच्या ड्रायरला काही झालंय का. महिन्याभरानं आवाज थांबला की ती लाटणं ठेवून विचारायची, बरं नाही का तिला. गुडघा शेकायला नाही, गार करायला एलोडी फ्रीजरमधली मटारची पिशवी वापरी. त्यातली कुठली गुडघ्याची आणि कुठली उसळीची यावरून घरात एकदा गंभीर चर्चा झाली. बाबांनी, ताटातली उसळ संपवल्यानंतर, आपल्याला फरक कळला नाही असं मत दिलं. तेव्हापासून गुडघ्याच्या पिशवीला आईनं लाल दोरा बांधला.

जेवायला ती वरच यायची. थालीपीठ तिला फार आवडे. त्यावर ती लोणी अशा जाडीनं लावायची की आईच्या मनात तिच्याविषयीचा आदर वाढत गेला. पुरणपोळीला तिनं त्यांच्याकडच्या कसल्याशा गोड धिरड्याची बहीण ठरवलं. आईला ती काकू म्हणे, कारण शेजारची सगळी मुलं काकू म्हणत. बाबांनाही पहिले काही दिवस काकूच म्हणाली. आई तिच्याशी इंग्रजीत बोलायची, रागावायची मात्र मराठीत, आणि एलोडीला ते कळायचं. त्यांचे संवाद मी इथे मराठीत देते आहे. मूळचे बहुतेक इंग्रजीतले होते.

आता नियमाविषयी. सण भारताच्या दिवसानं करायचे की इथल्या, हा वाद अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात होत असे. बाबा पुण्याच्या बाजूचे. आत्याचा फोन येतो तेव्हा सण झाला, असं त्यांचं म्हणणं. आमचे सगळे सर्व्हर लंडनच्या वेळेवर चालतात आणि जगात कुणाचं अडत नाही, असा दाखला ते दर वर्षी देत. आई म्हणे, तुमच्या सर्व्हरला ओवाळायचं नसतं. आपण जिथे झोपतो-उठतो तिथला सूर्य आपला, हे तिचं सूत्र होतं आणि ते तिनं दोन वर्षं देवळातल्या बायकांपुढेही लढवलं होतं. संक्रांतीला, गुढीपाडव्याला, सगळ्याला अ‍ॅशबर्नचा सूर्योदय.

अष्टमीच्या संध्याकाळी आई प्रत्येकाकडून पूजेची वस्तू गोळा करायची. ज्याच्यावर आपलं काम चालतं ते हत्यार द्यायचं, ते नवमीला पुजलं जातं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला विश्रांती. तत्त्व असं होतं. प्रत्यक्षात बाबा जुना लॅपटॉप द्यायचे, ज्याची बॅटरी पुणे सोडण्याआधीच मेली होती, कारण चालू लॅपटॉप त्यांना ऑन-कॉल असल्यामुळे रात्रीसुद्धा लागे. मी स्क्रीन गेलेला कॅल्क्युलेटर दिला. आईनं स्वतः बोथट विळी ठेवली. कापायची सुरी ओट्यावरच राहिली, नवमीचा स्वयंपाक होताच. हे आम्हा तिघांना माहीत होतं आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या वर्षी आईनं एलोडीलाही विचारलं. एलोडीनं नीट चौकशी केली. काय ठेवायचं? ज्याच्यावर तुझं पोट आहे ते. किती वेळ? रविवारी सूर्य उगवेपर्यंत. मध्ये लागलं तर? मध्ये हात लावायचा नसतो. ठीक आहे, ती म्हणाली. ती खाली गेली आणि तिची स्टिक घेऊन आली, स्वच्छ पुसलेली. तिच्या दोन स्टिक होत्या. दुसरी पंधरवड्यापूर्वी तडकली होती. फ्रान्सच्या प्रशिक्षकांनी तिला पुन्हा आजमावून पाहायला रविवारी दुपारी मैदानावर बोलावलं होतं, म्हणजे हिशेब नीट बसत होता. आईनं पाटावर लॅपटॉप, कॅल्क्युलेटर आणि विळीच्या शेजारी ती स्टिक ठेवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग छताकडे. त्या रांगेत चालू स्थितीतलं हत्यार ते एकच होतं.

शनिवारी सकाळी पूजा झाली. स्टिकला हळदकुंकू, झेंडूचं फूल. जेवायला देशपांडे काकू होत्या. त्या तीन घरं सोडून राहत, मूळच्या नागपूरच्या, आणि व्रतवैकल्यांच्या बाबतीत आमच्या वस्तीतलं अंतिम न्यायालय समजल्या जात. अकराच्या सुमारास फोन आला. फ्रान्सचा संघ अमेरिकेत आठवडाभर सराव सामने खेळायला आला होता. रविवारी त्यांना मैदान मिळत नव्हतं, म्हणून शेवटचा सामना शनिवारीच, चार वाजता, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका विद्यापीठात, तिथल्याच संघाशी, ठेवला होता. रविवारी संघ विमानात बसणार होता. यायचं तर आज ये, असा निरोप होता.

एलोडीनं फोन ठेवला आणि आम्हाला ही सगळी माहिती दिली, हवामानाचा अंदाज सांगावा तशी. मग तिनं माझी स्टिक मागितली.

माझी स्टिक शाळेच्या मुलीला साजेशी होती: लाकडी, सरळ, तिच्या स्टिकपेक्षा बरीच आखूड. ड्रॅग फ्लिक स्टिकच्या वाकावर अवलंबून असते, आणि माझ्या स्टिकला वाक जवळजवळ नव्हताच. ड्राइव्हवेवर जाऊन तिनं गॅरेजच्या दाराला खडूनं चौकट आखली आणि चेंडू मारायला सुरुवात केली. पहिला गॅरेजवरून गेला. दुसरा देशपांडे काकूंच्या गाडीच्या चाकाला लागला. पुढचे आठ-दहा चौकटीच्या आसपास गेले, आत एकही नाही. ती दर वेळी थोडं वाकून, हाताची पकड बदलून पाहत होती, आणि दर वाकण्यात उजवा गुडघा जास्त मुडपत होता. स्वयंपाकघराची खिडकी ड्राइव्हवेवर उघडत असे. आई तिथे उभी होती. कढईखालचा गॅस तिनं बंद केला होता.

बाबा म्हणाले, "अगं, देऊन टाक ना. प्रॅक्टिकल हो जरा."

"तुम्ही बोलू नका," आई म्हणाली. "तुमचा लॅपटॉप मेलेला आहे."

बाबांनी पुण्याची बाजू मांडून पाहिली, पण ती त्या दिवशी उपयोगाची नव्हती. पुण्यात तेव्हा शनिवारची रात्रीची जेवणं चालली होती. तिथे सूर्य उगवेपर्यंत इकडे सामना संपला असता. देशपांडे काकूंचं मत असं पडलं की मुलगी परधर्मातली आहे, तिला दोष लागत नाही, तिनं खुशाल उचलावी. हात पुसून आई बाहेर गेली, मी मागोमाग गेले.

"मागत का नाहीस?" तिनं एलोडीला विचारलं.

"तुम्ही अट सांगितली होती," एलोडी म्हणाली. "मी हो म्हटलं होतं."

"आणि संघ?"

"संघाबाहेर मी याआधीही राहिलेय, काकू. ते मला जमतं." ती पुन्हा चेंडूकडे वळली. "तुम्ही आत जा. हा कदाचित खिडकीकडे येईल."

आई आत आली. जिन्याच्या पायरीवर बसून तिनं मला विचारलं, "नंदूकडे आत्ता काय वाजलंय?"

नंदूमामा ऑकलंडला होता. तोही सॉफ्टवेअरमध्येच, आईच्या माहेरची माणसं तोवर चार खंडांत वाटली गेली होती. मी हिशेब करून सांगितलं, पहाट आहे, तिकडे रविवार उजाडायला आलाय. आईनं ड्रॉवरमधून कॉलिंग कार्ड काढलं. तेव्हा लांबचा फोन कार्डावरचा लांबलचक आकडा दाबून करावा लागे आणि मध्ये एक रेकॉर्ड केलेली बाई किती मिनिटं उरली ते सांगे. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पुढचं सगळं आम्ही ऐकलं. मामा बऱ्याच घंटांनंतर उठला.

"ताई? कोण गेलं?"

"कोणी गेलेलं नाही. दसऱ्याच्या शुभेच्छा. सूर्य उगवला का?"

"ताई, आज रविवार आहे. त्यात काल रात्रीच इथली घड्याळं एक तास पुढे केलीत, म्हणजे माझी एक तास झोप सरकारनं आधीच खाल्लीय."

"बाल्कनीत जा आणि पूर्वेला बघ."

मामा बाल्कनीत गेला. दार सरकल्याचा आवाज आला, मग वारा. तांबडं फुटलंय, पण ढग आहेत, असं त्यानं कळवलं. आईनं त्याला तिथंच उभं राहायला सांगितलं. देशपांडे काकूंच्या आता लक्षात आलं होतं. त्या पाटावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"वहिनी, अशानं उद्या तुम्ही एकादशी फिजीची धराल."

"फिजीत माझं कुणी नाही," आई म्हणाली.

थोड्या वेळानं मामा म्हणाला की आता उगवला असणार, वेळ झालीय.

"असणार नको," आई म्हणाली. "दिसला का?"

पुढे पुण्याला परतल्यावर मी एका दैनिकात उमेदवारी केली. तिथल्या मुख्य उपसंपादकांनी माझ्या पहिल्याच बातमीतला 'असल्याचे समजते' हा शब्दप्रयोग कापला आणि कुणाला समजते ते विचारलं. मला तो प्रश्न नवा वाटला नाही.

मामा बाल्कनीत गोधडी पांघरून उभा होता, हे त्यानंच नंतर सांगितलं. खाली कुणी कुत्रा फिरवत होतं आणि त्यानं वर पाहून हात हलवला, हेही. कार्डावरच्या बाईनं उरलेली मिनिटं सांगितली. मग मामा म्हणाला, "ताई, समोरच्या बिल्डिंगच्या काचेत दिसतोय. लाल. पूर्ण गोल."

"काचेत?"

"काचेत दिसतोय म्हणजे समोर असणारच ना."

आईनं देशपांडे काकूंकडे पाहिलं. पाण्यात पाहिलेला चंद्र चालतो, त्या म्हणाल्या, काच काय आणि पाणी काय. त्यांनी पदर खोचला आणि दहीभाताचं ताट वाढायला घेतलं.

उत्तरपूजा फोन चालू असतानाच झाली. आईनं मामाला नमस्कार करून उभं राहायला सांगितलं, इकडे देवावर अक्षता टाकल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मामाला आरतीचं दुसरं कडवं येत नव्हतं, तिथे बाबांनी भर घातली. कार्ड आरती संपायच्या आत संपलं. मग आईनं स्टिक दोन्ही हातांनी उचलली. बाबांनी सवयीनं लॅपटॉपकडे हात नेला तेव्हा तिनं तो थांबवला. ऑकलंडचा सूर्य फक्त हिच्यापुरता, ती म्हणाली. बाकीच्यांचा दसरा उद्या, इथल्या वेळेनं.

एलोडी दारात उभी होती. तिनं स्टिक घेतली, आईच्या पाया पडायला वाकू लागली, पण आईनं गुडघ्याची आठवण करून देऊन तिला वरच्यावर धरलं. हातावर दही घातलं. ते कशासाठी हे विचारायला वेळ नव्हता. तिनं चाटून टाकलं आणि गाडीत जाऊन बसली.

आम्ही चौघं निघालो. मागे राहून पुऱ्या तळण्याचं काम देशपांडे काकूंनी स्वतःकडे घेतलं. आई पुढच्या सीटवरून दोनदा मागे वळून म्हणाली की झोप येत असेल तर झोप, आणि दोन्ही वेळा एलोडीनं मान हलवली.

विद्यापीठाचं मैदान हिरव्या कृत्रिम गवताचं होतं, सामन्याआधी पाणी मारलेलं. मी त्याआधी तसलं मैदान पाहिलं नव्हतं. पंचांनी स्टिक तपासल्या. एलोडीची स्टिक हातात घेऊन त्यांनी कुंकवावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, पुन्हा स्टिककडे पाहिलं, आणि परत दिली. फ्रान्सच्या खेळाडूंपैकी तिघी-चौघींनी तिला मिठी मारली. प्रशिक्षक उंच होते, हातात फळी घेऊन उभे, आणि त्यांनी तिला फक्त कुठे बसायचं ते दाखवलं.

पहिला कॉर्नर मिळाला तेव्हा तिला आत पाठवण्यात आलं; सराव सामन्यात तशा अदलाबदलीला मुभा होती. फ्लिक डावीकडे गेली. गोलकीपरनं पायानं अडवली. दुसऱ्या कॉर्नरला चेंडू थांबवणारीकडून उसळला आणि एलोडीला तो मारताच आला नाही. मध्यंतराच्या आधी प्रशिक्षकांनी तिला बाहेर काढलं. ती बाकावर बसून गुडघ्यावर टॉवेल गुंडाळत होती. बाबा म्हणाले, दुसऱ्यात हिची चूक नव्हती. आई म्हणाली, ते त्यांना कुठे दिसतंय. तिला हॉकीतलं काही कळत नव्हतं, पण कोण कोणाकडे पाहत नाही हे तिला कुठल्याही खेळात कळायचं, आणि प्रशिक्षक बाकाकडे पाहत नव्हते.

उत्तरार्ध बराचसा तिच्याविनाच गेला. गोल एक-एक असे समान होते. शेवटच्या काही मिनिटांत फ्रान्सला आणखी एक कॉर्नर मिळाला. प्रशिक्षकांनी आधी मैदानाकडे पाहिलं, जिथे तिच्या जागी आलेली मुलगी वर्तुळाच्या कडेला येऊन उभी राहिली होती. मग त्यांनी त्या मुलीला हाताची खूण करून बाहेर बोलावलं आणि एलोडीचं नाव घेतलं. ती टॉवेल सोडून पळत आत गेली. चेंडू आला, थांबवला गेला. तिनं दोन लांब पावलं टाकली, डावा पाय पुढे रोवून उजवा गुडघा जवळजवळ जमिनीला टेकेल इतका वाकवला आणि चेंडू स्टिकवरून सोडला. तो वर चढत गेला आणि उजव्या कोपऱ्यात, खांब आणि आडव्या दांड्याच्या मधल्या जागेतून आत गेला. गोलकीपरचा हात तेव्हा कमरेशी होता. फ्रान्सनं सामना दोन-एकनं जिंकला.

तिला उठायला वेळ लागला. सहकारी तिच्यावर कोसळल्या होत्या. उठल्यावर ती दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली आणि एकदा जागच्या जागी उडी मारून पाहिली.

खेळाडू बसकडे निघाल्यावर आम्ही कुंपणाशी थांबलो. प्रशिक्षक एलोडीशी उभ्याउभ्याच बोलले, थोडंच, आणि निघून गेले. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आईनं मला विचारलं, काय म्हणाला तो, आणि मी सांगितलं की इतक्या लांबून ऐकू येत नाही, शिवाय ते फ्रेंचमध्ये आहे. मग संघाच्या व्यवस्थापक बाई बसमधून खाली उतरल्या, एलोडीपाशी आल्या आणि संघाची यादी आणि पेन काढलं. एलोडी कुंपणाजवळ आली होती, म्हणून या वेळी आम्हाला ऐकू आलं. फ्रेंच आकडे तिनं मला बेसमेंटमध्ये शिकवले होते. ती तिच्या पासपोर्टचा क्रमांक पाठ म्हणत होती. व्यवस्थापक बाईंनी तो लिहून घेतला, एकदा वाचून दाखवला, आणि एलोडी बरोबर आहे म्हणाली.